जाईबाईंचा हयातीचा दाखला

माणूस जिवंत आहे की मेला, हे ठरवण्याचा अधिकार निसर्गाशिवाय कोणालाही नाही. निसर्गाशिवाय आणि ट्रेझरीशिवाय. नोव्हेंबर महिन्यात तर निसर्गाचंही फारसं चालत नाही. पेन्शनरनं तीस तारखेच्या आत हयातीचा दाखला दिला नाही, तर पुढच्या महिन्यापासून पेन्शन बंद. मग तो ट्रेझरीच्या काउंटरसमोर उभा राहून कितीही खोकला तरी.

जाईबाई मेश्रामांना हे कोणी सांगायची गरज नव्हती. नागपूरच्या ट्रेझरीत, पेन्शन शाखेत, त्यांनी एकतीस वर्षं हेच केलं होतं. म्हातारी माणसं मुलाच्या नाहीतर सुनेच्या हाताला धरून यायची. जाईबाई चेहरा बघायच्या, सही ताडून बघायच्या, शिक्का मारायच्या. "बाबा खाली रिक्षात आहेत, जिना चढवत नाही," असं कोणी म्हणालं, की जिना उतरून रिक्षात डोकावून यायच्या. न बघता मारलेला एकही शिक्का त्यांच्या नावावर नव्हता.

आता त्या बहात्तर वर्षांच्या होत्या आणि न्यू जर्सीत, पिस्कॅटवेपासून वीस मिनिटांवर, मुलाकडे राहत होत्या. वीस मिनिटं गाडीनं. चालत किती, हे माहीत असलेला माणूस अजून भेटला नव्हता, कारण फुटपाथ वसाहतीच्या पाटीपाशीच संपत होता.

आल्या होत्या तीन महिन्यांसाठी. त्याला आता दोन वर्षं होत आली. आधी मुलानं, कुशलनं, त्यांच्या ग्रीन कार्डचं काम काढलं. "ते होईस्तोवर बाहेर पडता येत नाही, आई." मग ते झालं. "आता लगेच बाहेर गेलं तर चांगलं दिसत नाही." कोणाला दिसत नाही, ते त्यानं सांगितलं नाही.

पेन्शन दर महिन्याला नागपूरच्या बँकेत जमा व्हायचं. खात्याला मोबाइल नंबर कुशलचा होता. "तुला ओटीपी येणार, तू चष्मा शोधणार, तोवर तो एक्स्पायर होणार. काहून त्रास?" हे पटण्यासारखं होतं, म्हणून जाईबाईंनी नंबरापुरती सही केली होती. तेव्हापासून पेन्शन पहिल्या तारखेला यायचं आणि पाच तारखेला वर्धा रोडवरच्या एका फ्लॅटच्या हप्त्यात जायचं. फ्लॅट कुशलच्या नावावर होता.

"नाव माझं असलं तरी तुझंच आहे ना सगळं," तो म्हणायचा. "आपल्यात असं तुझं-माझं नसतं."

जाईबाईंनी जन्मभर कागदावरची नावं बघितली होती. नाव ज्याचं असतं, त्याचंच ते असतं.

त्यांना फ्लॅट नको होता. त्यांना स्वतःच्या पेन्शनमधून नागपूरचं एका बाजूचं तिकीट हवं होतं. तिथे इंदोरा वस्तीत त्यांच्या दोन खोल्या होत्या, आणि त्यांची किल्ली पर्समध्ये होती. अधूनमधून त्या ती काढून बघायच्या. पासपोर्ट मात्र कुशलच्या कपाटात, 'सेफ' होता.

कुशल वाईट माणूस होता असं नाही. हॉलमध्ये बाबासाहेबांचा मोठा फोटो होता, रोज पुसलेला. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तो झूमवर समाजातल्या तरुण मुलांना आर्थिक स्वावलंबनावर मार्गदर्शन करायचा. चांगलं बोलायचा. जाईबाई मागे बसून ऐकायच्या.

ऑक्टोबरात सून मैत्रीनं त्यांचं नाव सीनियर सेंटरमध्ये घातलं. बस न्यायला येते, दिवसभर भजन, बिंगो, जेवण, घरही शांत. पहिल्याच दिवशी चार पानांचा मराठी फॉर्म हातात आला. जाईबाईंना बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. त्यांनी पेन मागून घेतलं.

प्रश्न एकोणीस: तुमचे पैसे कोण सांभाळतं? मुलगा. तुमच्या संमतीनं? नाही. हवे तेव्हा तुम्हाला मिळतात का? नाही. इतर काही: तिकीट मागितले, मिळाले नाही. खाली सही, तारीख, ठिकाण.

त्या सेंटरमधल्या बाकीच्या चाळीस जणांनी तिथे रेघ मारली होती. पण जाईबाई रकाना मोकळा सोडत नसत आणि कागदावर खोटं लिहीत नसत. तोंडी ही वेगळी गोष्ट. तोंडी त्या रोज शेजारच्या खुर्चीतल्या बाईंना सांगत, "मस्त चाललंय. मुलगा फार जपतो."

सेंटरनं तो कागद काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, प्रौढ-संरक्षण विभागाकडे पाठवला. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दारावरची बेल वाजली.

मैत्रीनं दार उघडलं. बाहेर तिशीच्या आतली एक मुलगी, गळ्यात ओळखपत्र.

"हाय, मी अनिका. काउंटीतून. जाईबाई मेश्राम इथे राहतात?"

"अय्या, मराठी?"

"थोडं थोडं. म्हणून तर मला पाठवलं." ती मनापासून हसली. "मला आजींशी प्रायव्हेटली बोलायचंय."

"बोला ना. मी किचनमध्येच आहे."

ह्या घराच्या तळमजल्यावर भिंत नव्हती. किचन, हॉल, जेवणाचं टेबल, सगळं एकच. घर घेताना ह्याचेच पैसे जास्त पडले होते. अनिकानं इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "आजी, आपण माझ्या कारमध्ये बसू या?"

जाईबाईंनी स्वेटर घातला, पर्स घेतली. त्या पुढच्या सीटवर बसल्या आणि त्यांनी सीट बेल्ट लावला.

"आजी," अनिका हळूच म्हणाली, "आपण कुठे जात नाहीये."

"हो का," जाईबाई म्हणाल्या. बेल्ट त्यांनी तसाच राहू दिला.

अनिकानं लॅपटॉप उघडला. आधी डोकं शाबूत आहे का ते बघणं भाग होतं. आजची तारीख? सांगितली. वार? सांगितला. शंभरातून सात-सात वजा करत जा. "त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी..."

"पुरे, आजी."

"नऊ, दोन," जाईबाईंनी शेवट केला. "दोन उरतात मॅडम. लिहून घ्या."

"मला मॅडम नका म्हणू."

"ऑफिसचं काम आहे. आडनाव काय म्हणालात?"

"कुलकर्णी."

"वडील कुठले?"

"एडिसन. इथून जवळच."

अनिकाला आडनावाचा उपयोग ईमेल आयडीपुरताच माहीत होता. जाईबाईंना तो सगळाच माहीत होता. त्यांनी पर्सची चेन लावली. ट्रेझरीत त्यांच्या टेबलाभोवती कुलकर्णी होते, जोशी होते, आणि एकतीस वर्षं जाईबाईंनी मेश्रामांच्या घरातली एकही गोष्ट त्या टेबलांवर जाऊ दिली नव्हती. आता ही पोर संध्याकाळी घरी जाईल, जेवायला बसेल, वडील विचारतील, आज काय झालं. मेश्रामांचा पोरगा आईचं पेन्शन खातो.

"हे सगळं कॉन्फिडेन्शियल असतं, आजी. कोणाला कळणार नाही."

ट्रेझरीतही सगळं गोपनीयच असायचं. खालच्या चहाच्या टपरीपर्यंत पोचायला त्याला दहा मिनिटं लागायची.

"तुम्हाला ह्या घरात सेफ वाटतं?"

"हो तर."

"तुमचे पैसे कोणी तुम्हाला न विचारता घेतं?"

जाईबाई घराकडे बघत होत्या. खिडकीतून मैत्री त्यांच्याकडे बघत होती.

"मॅडम, तुमच्याकडे ह्याचा फॉर्म नाही का? मला द्या. मी भरून देते."

"फॉर्म मीच भरते, आजी. तुम्ही फक्त बोला."

"मीच लिहिते ना. सहीसकट देते."

"तसं अलाउड नाही. सिस्टीममध्ये मलाच टाईप करावं लागतं. तुम्ही सांगा, मी टाकते."

फाइलीला आडनाव नसतं. टाईप करणाऱ्याला असतं. काहून कोणास ठाऊक, जाईबाईंना ती हात धरून आणलेली माणसं आठवली. शिक्का मारताना त्यांनी चेहरा बघितला, सही बघितली. पैसे खातं कोण, हे एकालाही विचारलं नाही. तो रकानाच नव्हता.

"सगळं छान आहे," त्या म्हणाल्या. "मुलगा फार जपतो."

"पण त्या सेंटरच्या फॉर्मवर तुम्ही..."

"तेही खरं आहे."

अनिकानं दोन्ही लिहून घेतलं, आणि मग तिचा निरुपाय झाला. जाईबाईंचं डोकं जरा कमी चाललं असतं, तर काउंटीला पुढे काहीतरी करता आलं असतं. पण ज्या बाईचे सात-सात वजा होत दोनावर येतात, तिनं छान आहे म्हटलं, की कायद्यानं ते छान असतं. अनिकानं आपलं कार्ड दिलं. "काहीही वाटलं तर फोन करा. मी महिन्याभरात परत चौकशी करीन." बेल्टचं बटण तिलाच दाबावं लागलं.

कुशल पाच वाजता आला. मैत्रीनं त्याला गॅरेजमध्येच गाठलेलं होतं.

"आई, तू माझी कम्प्लेंट केली? गव्हर्नमेंटकडे?"

"मी फॉर्म भरला."

"फॉर्मवर असं कोण लिहितं यार!"

"त्यांनी विचारलं होतं."

"विचारलं म्हणून लिहायचं? माझं सिक्युरिटी क्लिअरन्सचं काम चालू आहे ऑफिसात, सगळं तपासतात. कोणाला कळलं असतं तर?"

"म्हणूनच बोलले नाही. छान आहे म्हणून सांगितलं."

कुशलनं आईला जवळ घेतलं. त्याचे डोळे खरोखर भरून आले होते. "फक्त अठरा महिने, आई. हप्ते संपले की मीच सोडून येतो तुला."

दुसऱ्या दिवसापासून सेंटरची बस आली नाही.

जाईबाईंच्या ताब्यात राहिली पर्समधली किल्ली, आणि त्या स्वतः. वीस नोव्हेंबरला कुशल फोन घेऊन समोर बसला. हल्ली दाखला फोनवरच होतो. गोलात चेहरा आणायचा, डोळ्यांची एकदा उघडझाप करायची, माणूस जिवंत.

"हं, आई. बघ इकडे. डोळे मिचकाव."

जाईबाईंनी डोळे मिटले.

"उघड आता."

"तिकीट काढ. मग उघडते."

"म्हणजे?"

"म्हणजे तिकीट दाखव, पासपोर्ट दे, दाखला घे."

"ब्लॅकमेल करून राहिली का मला?"

"नाही रे बाबा. कागदपत्रं पूर्ण नाहीत, म्हणून परत पाठवते आहे."

फोननं 'पुन्हा प्रयत्न करा' म्हटलं आणि कुशलनं तो आठवडाभर केला. टीव्ही बघताना, चहा पिताना, भाजी चिरताना फोन अचानक पुढे यायचा आणि जाईबाई डोळे मिटायच्या. त्या आठवड्यात त्यांचं बोट दोनदा कापलं.

"आई, करा ना एकदा उघडझाप," मैत्री म्हणाली. "काय जातं तुमचं?"

"पेन्शन जातं."

त्यांचा हिशेब सरळ होता. पेन्शनपायी कुशल तिकीट काढेल. नाहीच काढलं, तर पेन्शन थांबेल. पण थांबलेलं पेन्शन नागपूरच्या काउंटरवर स्वतः उभं राहिलं की थकबाकीसकट सुरू होतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? अडचण एवढीच, की हे कुशललाही ठाऊक होतं. काउंटरवर उभी राहिलेली आई खात्याला स्वतःचा नंबर टाकून घेईल, हेही.

तीस तारखेला जेवताना तो शेवटचं म्हणाला, "आई, प्लीज." जाईबाईंनी डोळे मिटूनच वरणभात खाल्ला.

त्यानंतरचं पेन्शन आलं नाही. कुशलनं हप्ता स्वतःच्या पगारातून भरला. तिसऱ्या दिवशी जाईबाईंनी तिकिटाचं विचारलं.

"आता कशातून काढू?" तो म्हणाला. "पेन्शन तर तूच बंद केलंस."

डिसेंबरच्या मध्याला अनिकाचा फोन आला. कुशलच्याच फोनवर, जाईबाईंना दुसरा नंबर नव्हता. त्यानं तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"आजी, कशा आहात? मला फक्त एक अपडेट हवंय. तुमचं पेन्शन अजून तुमचा मुलगाच घेतो का?"

"नाही," जाईबाई म्हणाल्या. प्रश्न अखेर असा आला होता, की खरं सांगितलं तरी मेश्रामांचं काही उघडं पडत नव्हतं. "आता कोणीच घेत नाही. मी बंद पाडलं."

"ओ, वाव. म्हणजे आता तुम्हाला काहीच इन्कम नाही?"

"एक रुपयाही नाही."

पलीकडे टाईप केल्याचा आवाज आला. नाताळाच्या आदल्या दिवशी काउंटीचं पत्र आलं. कुशलनं ते उघडून आईच्या पुढे ठेवलं. जाईबाईंनी चष्मा लावून ते नीट, रकाना-रकाना वाचलं. मानसिक क्षमता: उत्तम. प्रकरण: बंद. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, की सदर व्यक्तीला उत्पन्न नसल्यामुळे तिचं आर्थिक शोषण होऊ शकत नाही.