ढगाची वरची कड

१९७८च्या नोव्हेंबरात ओक्लाहोमातल्या एका गव्हाच्या शेतात आमचा रडार उभा होता, जुन्या ट्रेलरवर, तोंड कायम आभाळाकडे. यंत्र मी चालवायचे. व्हर्लिन ओट्स आमचे साहेब. त्यांचं एकच म्हणणं होतं: सपाट, करड्या ढगात हवा जी ढवळली जाते, त्याची सुरुवात जमिनीकडून नाही, ढगाच्या वरच्या कडेपासून होते. लोक हसायचे. पुरावा हवा होता. रडार शुक्रवारी परत जाणार होता आणि तीन आठवडे आभाळ कोरं होतं.

"ढग रुसलेत तुमच्यावर, व्हर्लिन," मी म्हणायचे.

"तू गप कॉफी ओत, डोरीन."

ती जळकी कॉफी आता कुठेच मिळत नाही, आणि मला तिची फार आठवण येते.

गुरुवारी सकाळी ढग आला. चार तास यंत्रातून नोंदीची कागदी पट्टी सरकत होती. व्हर्लिन बाहेर, मान वर करून. कागदावर बारीक ठिपक्यांची भुरभुर उठायची. तिला आम्ही कचरा म्हणायचो, आणि कचरा दिसला की बटण फिरवून घालवायचा, ही हाताची सवयच. साहेबांना स्वच्छ कागद आवडतो म्हणून त्या दिवशी मी बटण जरा जास्तच फिरवलं.

दुपारी त्यांनी पट्टी जमिनीवर पसरली. ढगाची वरची कड कात्रीने कापल्यासारखी सरळ. तिथले थेंब इतके बारीक, की त्यांची खूणही कचऱ्याइतकीच फिकट उमटते. मी कचऱ्याबरोबर तीही घालवली होती. दुसरी नोंद कुठेच नव्हती.

"बटण कितीवर होतं?"

मी सांगितलं.

"हं. कागद मात्र छान निघालाय," म्हणत त्यांनी पट्टी गुंडाळली.

शुक्रवारी ट्रेलर गेला. दोन वर्षांनी तीच गोष्ट दुसऱ्यांनी सिद्ध केली आणि नाव त्या दुसऱ्यांचं झालं. मला मात्र व्हर्लिननी शिफारस करून चांगल्या प्रयोगशाळेत नोकरी लावून दिली. मी तिथे तीस वर्षं काढली.

व्हर्लिन वारल्यावर त्यांच्या मुलीने एक खोका पाठवला. त्यात त्या मोसमाचा अहवाल होता. तो वाचायची माझी कधी हिंमतच झाली नव्हती. त्या गुरुवारच्या नोंदीत लिहिलं होतं: 'बटण जास्त फिरवल्याने वरच्या कडेची माहिती गेली. यंत्र चालवणारा: व्हर्लिन ओट्स.'

त्या माणसाला रडार साधा सुरूसुद्धा करता यायचा नाही.