ट्रकनंतरची चाकं

माझा जबडा आता पुरता मिटत नाही, म्हणून मित्रांनो, आजच बोलून घेतो. मी एक जुना पाना आहे. आटा फिरवून ज्याचा जबडा लहानमोठा करता येतो, तो स्क्रू पाना. टाकीचे घाव सोसून दगडाला देवपण येतं म्हणतात. हातोड्याचे घाव सोसून मला नुसतं पानेपण आलं, पण मला तेवढं पुरलं.

फौजेच्या वर्कशॉपमधल्या एका नव्या शिपायाने मला बाहेरच्या दुकानातून विकत घेतलं. सरकारी हत्यारं ढिगाने होती, तरी "स्वतःचं एक तरी असावं," असं तो म्हणाला. पुढे तो हवालदार झाला. अठरा वर्षं मीही त्याच्याबरोबर नोकरी केली.

डोंगरमाथ्यावरच्या ठाण्यात इतकी थंडी असे, की मला उघड्या हाताने धरलं तर कातडी चिकटे. हवालदार मला आधी काखेत धरून ऊब देई आणि मगच गाडीखाली शिरे. बंद पडलेला ट्रक खोकत खोकत सुरू झाला की जवान टाळ्या वाजवत. एकदा बर्फात अडकलेल्या सात गाड्या आम्ही एका दिवसात चालत्या केल्या. साहेब म्हणाले, "हवालदार, तुझ्या हातात जादू आहे." हातात मी होतो, पण मी गप्प बसलो.

मग एक दिवस त्याने गणवेश उतरवला. मला लोकरीच्या मोज्यात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवलं आणि ती पेटी घरी पलंगाखाली गेली. त्यानंतर मला जग फक्त ऐकू येत असे. पहाटे पाचला त्याची पावलं वाजत. चपला रांगेत लावण्याचा हुकूम सुटे. त्यावर त्याची सोळा वर्षांची लेक म्हणे, "बाबा, हे घर आहे, छावणी नाही!" त्याची बायको कपडे शिवून देत असे. ती मशीन थांबवून हसे. सुरुवातीला तोही हसे. हळूहळू ते हसणं ऐकू येईनासं झालं.

त्याला एका रुग्णालयाच्या फाटकावर पहाऱ्याची नोकरी लागली होती. गाडी आली की दांडा वर, गेली की खाली. संध्याकाळी तो पलंगावर येऊन बसला की माझ्यावरच्या फळ्या कुरकुरत.

"काय झालं हो?" बायको विचारी.

"काही नाही. दिवसभरात काहीच झालं नाही, हेच झालं."

अशातच एका जुन्या सोबत्याचं पत्र आलं. दूर वाळवंटातल्या खाणीवर बंदूक घेऊन पहारा करायचा, तीन वर्षांचा करार, आणि बरोबर सगळे फौजेतलेच. त्या दिवशी कित्येक महिन्यांनी त्याचा आवाज उत्साहाने चढा लागला. बायकोचं मशीन थबकलं आणि पुन्हा सुरू झालं. लेक मात्र म्हणाली, "परत जायचंच होतं, तर आलात कशाला?"

होकार सोमवारी कळवायचा होता.

गुरुवारी पेटी उघडली. "अहो, आत्तापासूनच सामान भरताय?" बायकोच्या आवाजात पाणी होतं.

"नाही गं. हा पाना शोधतोय. आज एक माणूस आईला पाठीवर घेऊन रुग्णालयाचा चढ चढला. आणि आमच्या कोठारात चाकाच्या अकरा खुर्च्या मोडून पडल्यात! मेट्रन बाईंना विचारलंय. म्हणाल्या, बघा प्रयत्न करून."

शुक्रवारी जेवणाच्या सुटीत आम्ही कामाला लागलो. वर्षभराने त्याचा हात माझ्याभोवती आला आणि मी सुखावलो. एक खुर्ची निवडून तिचा नट न् नट आम्ही करकचून आवळला. मेट्रन बाई आल्या, त्यांनी खुर्ची हलवून पाहिली.

"बसा," त्या म्हणाल्या.

"मी?"

"तुम्हीच."

त्यांनी त्याला बसवलं आणि सबंध वऱ्हांडा फिरवला. पुढची चाकं इतकी कसली होती, की वळायलाच तयार नव्हती. प्रत्येक उंबरठ्यावर खुर्ची अडे आणि झटका देई. हवालदाराचे दात वाजले.

"आता सांगा, पोटाला टाके असते तर?"

तो मान खाली घालून बसला. मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. अठरा वर्षं आम्हाला एकच ठाऊक होतं, आवळ, आणखी आवळ. आम्ही ट्रकच्या चालीने माणसाची खुर्ची बांधली होती. तो उठला, त्याने मला उलटं फिरवलं आणि प्रत्येक चाक थोडं थोडं सैल करून पुन्हा पुन्हा स्वतः बसून पाहिलं. किती आवळावं हे आम्ही आधीच शिकलो होतो. कुठे थांबावं, हे त्या दिवशी शिकलो.

शनिवारी पाठीवरून आणलेली तीच म्हातारी त्या खुर्चीतून गेली. उंबरठा कधी आला, कधी गेला, तिला कळलंही नाही. ती लेकाजवळ सुनेच्या तक्रारी सांगण्यात दंग होती. हवालदार त्या तक्रारी लांबपर्यंत ऐकत उभा राहिला. साहेबांची शाबासकीसुद्धा त्याने कधी इतकी मन लावून ऐकली नव्हती.

सोमवारी त्याने नकार कळवला.

पुढचं सोपं नव्हतं. खुर्च्या ठीक होत्या, पण रुग्णाला लावायच्या यंत्रांना हात घालायचा तर प्रमाणपत्र हवं होतं. एकेचाळिसाव्या वर्षी तो पुन्हा विद्यार्थी झाला. बापलेक एकाच टेबलावर अभ्यासाला बसत. मी त्यांच्या कागदांवर वजन म्हणून असे.

"यंत्र उघडण्याआधी पहिलं काय?" लेक विचारी.

"सावधान!"

"बाबा! पहिलं म्हणजे वीज बंद!"

विजेच्या पेपरात तो एकदा नापास झाला. लेकीने त्याला पुन्हा बसवलं. दुसऱ्या खेपेला तो पास झाला आणि फाटकावरचा दांडा दुसऱ्याच्या हाती गेला.

आता त्याला चौदा वर्षं झाली. रुग्णालयाच्या दुरुस्ती विभागाचा तो प्रमुख आहे. नवी चकचकीत हत्यारं आली तसा मी खणात मागे सरकत गेलो. ओलाव्याने गंजलो, आटा झिजला. दोन वर्षं मला कुणाचा हात लागला नाही. साफसफाईत सापडलो, तेव्हा हवालदाराने मला रॉकेलच्या फडक्याने पुसलं आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगलं. तिथून मला आता सगळं दिसतं.

परवा त्याची बायको डबा द्यायला आली होती. तिने सहज विचारलं, "तिकडची आठवण येते का हो अजून?"

"येते की. रोज येते," तो म्हणाला. "पूर्वी आठवण आली की निघावंसं वाटायचं. आता आली की सांगावंसं वाटतं."

"मग सांगा," ती स्टूल ओढून बसली. जेवण गार होईपर्यंत तो सांगत राहिला.

मित्रांनो, आम्हा हत्यारांना फार काही लागत नाही. कोरडं फडकं आणि तेलाचा एक थेंब दिलात, तरी आम्ही तुमच्या नातवंडांपर्यंत टिकू. माणसाचं तसं नाही. तुमच्या घरी कुणी मोठी नोकरी संपवून आलं असेल आणि खिडकीशी बसून राहत असेल, तर त्याला "आता आराम करा" म्हणू नका. "हे जरा बघता का?" म्हणा. मात्र खरोखर बिघडलेलंच काहीतरी पुढे करा. मन रमावं म्हणून दिलेलं काम हाताला लगेच ओळखू येतं.