डोंग्याला नव्या फळ्या

शेलूबाजारच्या बदरुद्दीन मिस्त्रींनी चाळीस वर्षं ट्रकचे हौदे बांधले होते, पण डोंगा, म्हणजे छोटी होडी, त्यांच्या दुकानासमोर पहिल्यांदाच आली. डोंगा अ‍ॅल्युमिनियमचा, जुना, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पालथा घातलेला. सोबत रत्नमाला होती, तलावावर मासे धरणाऱ्या बायकांच्या संस्थेची अध्यक्ष.

"चाचा, आतल्या फळ्या सडल्या. पाय ठेवला का खाली जाते. नव्या बसवून द्या."

"मी डोंग्यातलं काय जाणतो, बेटा?"

"हौदाच समजा. फक्त पाण्यात चालते."

रत्नमालाचे वडील इंद्रभान त्याच तलावाच्या धरणावर नोकरीला होते. याच डोंग्यातून ते पाण्याची पातळी पाहायला जात आणि कधीमधी लेकीलाही बसवून नेत. पुढे डोंगा धरणाच्या चौकीमागे वीस वर्षं पडून राहिला. यंदा लिलाव निघाला तेव्हा बायकांनी तो सोडला नाही.

बदरुद्दीननी पहार घालून पहिली फळी उचकटली. ती हातात भुसा होऊन आली. खाली डोंगा तरंगावा म्हणून भरलेला, पाणी पिऊन काळा पडलेला थर्माकोल होता, तो पोत्यांनी निघाला. दुपारी त्यांनी उघड्या पत्र्यावर बोटांनी टकटक केली. खणखणीत आवाज आला. त्यांनी दुसरीकडे ठोकलं, तिसरीकडे ठोकलं. मग घरात पाहून हाक मारली, "अमीना, इकडं ये. हा तं आतून धडधाकट आहे."

अमीनाबी चहा घेऊन आल्या. चहा तसाच निवला.

दुसऱ्या दिवशी डोंगा दोन लाकडी घोड्यांवर ठेवून त्यांनी आत वीतभर पाणी सोडलं आणि स्वतः खाली उताणे पडले, हातात खडू घेऊन. चार रिव्हेटांमधून थेंब गळत होते. प्रत्येक थेंबाभोवती गोल काढताना त्यांना गंमत वाटत होती. आयुष्यभर पावसाचं पाणी हौद्याबाहेर ठेवायचं काम केलं, आज मुद्दाम आत भरलं होतं. रिव्हेट बदलून पुन्हा पाणी भरलं, तेव्हा एकही थेंब पडला नाही.

मग मात्र चूक झाली. तळाशी नवा थर्माकोल भरून आणि पाण्यात टिकणारं जाड प्लाय आणून त्यांनी पुठ्ठ्याच्या मापाने अख्खी फळी कापली. माप तंतोतंत होतं, पण मधल्या बैठकीखालून ती काही केल्या आत जाईना. मिस्त्री घामाघूम झाले. रत्नमाला तेव्हाच पोचली होती. तिने दोन्हीकडून वाकून पाहिलं.

"आडवी कापा ना, चाचा. दोन तुकडे करा. सांधा तळाच्या त्या आडव्या पट्टीवर येऊ द्या."

बदरुद्दीननी करवत उचलली. दोन्ही तुकडे सरसर आत गेले. लोखंडी स्क्रू हातात घेतले तर तिने तेही थांबवले. "बाबा म्हणायचे, याले लोखंड लावलं का पत्रा कुजते." म्हणून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आणले. पक्क्या बसवण्याआधी फळ्यांच्या कडांनाही तीन हात रंग दिला.

शुक्रवारी सकाळी डोंगा तलावात उतरला. काठावर पंधरा बायका, अमीनाबी आणि चार शेळ्या. रत्नमालाने वल्हं हातात घेतलं. "चाचा, बसा."

"मले पोहता येत नाही."

"तुमीच फळ्या बसवल्या. तुमालेच भरवसा नाही काय?"

ते बसले, दोन्ही हातांनी बैठक घट्ट धरून. काठ मागे सरकला. पायाखाली फळी कोरडी होती, कुठे करकर नव्हती. हळूहळू हात सुटले. तलावाच्या मध्यावर आल्यावर मिस्त्री चक्क उभे राहिले आणि टाच दाबून एकेक कोपरा तपासू लागले.

"आता परत फिरवू काय?" रत्नमालाने विचारलं.

"काहून? त्या पल्याडच्या काठापर्यंत चाल ना."

काठावरून अमीनाबी हात हलवून बोलावत होत्या. बदरुद्दीननीही हात हलवला आणि दुसरं वल्हं उचललं.