कुलूपबंद खोलीतले नानासो

खंडेनवमीच्या सकाळी आमच्या कोरेगावच्या घरात धार असलेली, चाक असलेली आणि बटण असलेली एकही वस्तू आत्यांच्या तावडीतून सुटत नाही. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, लीलाबाई. नऊ दिवसांचा उपास, पायात चप्पल नाही आणि अंगात नुसता उत्साह. विळी, कोयता, शिलाई मशीन, सगळ्यांना हळदीकुंकू लागलं. ह्यांच्या मोटारसायकललाही लागलं. हे फौजेत, त्यामुळे ती सुट्टीपुरतीच पळते, पण पूजा चुकत नाही. मग ताट घेऊन त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"दे तुझा ल्यापटॉप."

"आत्या, आज नको. आज माझी ड्युटी आहे."

"ड्युटी रोजचीच हाय की. हत्यार वर्षातनं एकदा पूजायचं असतं."

"पूजलं की उद्यापर्यंत हात लावू देणार नाही तुम्ही."

"न्हाईच देणार."

"म्हणून तर नको म्हणतेय."

ताट तसंच उचलून त्या आत गेल्या. स्वयंपाकघरात भांडी जरा जोरातच वाजली. मला वाईट वाटलं, पण आज माझा इलाज नव्हता.

आमची कंपनी सांगलीची. कारखान्याचं सगळं काम एका धाग्यात ओवणारं सॉफ्टवेअर आम्ही देतो. माल आला, गोदामात गेला, विकला, गाडीत चढला, सगळं एकाच जागी. कारखान्यातली माणसं त्याला नुसतं 'सिस्टिम' म्हणतात. सिस्टिम अडली की फोन करतात, आणि तो फोन घ्यायचं काम माझं होतं. प्रांजलच्या वेळी रजा घेतली. आता ती आठ महिन्यांची झाली, रजा संपली, आणि आमच्या राजेश्वरी मॅडम स्पष्टच बोलल्या, "संयोगिता, कोरेगावहून सांगलीला रोज येणं तुला होणार नाही. आणि हे काम घरून होतं यावर माझा विश्वास नाही. नवमीला ऑफिसात कुणी नसतं, त्या दिवशीचे फोन तू घे. एका जरी ठिकाणी माणूस पाठवावा लागला, तर तुझ्या जागेवर ऑफिसातला साईराज बसेल."

मला ती जागा हवी होती. पगारासाठी हवी होतीच, पण कुणाचं तरी अडलेलं काम आपल्या हातून सुटतं तेव्हा छातीत जे फुलतं, ते मला परत हवं होतं. प्रांजलला झोळीत निजवलं, एका पायानं झोका देत बसले आणि फोनची वाट बघू लागले. लोक सणाच्या दिवशी देवाकडे काय काय मागतात. मी एक अडचण मागत होते.

ती आली.

"मॅडम, अश्फाक बोलतोय. तासगाव रोडचा बेदाण्याचा कारखाना. गेटपास निघंना झालाय. दिवाळीची दिल्लीची गाडी भरून उभी हाय, डायवर हॉर्न वाजवून डोकं खातोय."

अश्फाकभाई तिथे गाड्या रवाना करायचं काम बघतात.

"मेसेज काय येतोय?"

"लाल पट्टी येती."

"तिच्यावर काय लिहिलंय?"

"ते वाचलं न्हाई. लाल दिसली की मी ओके दाबतोय."

"आता दाबू नका. वाचा."

त्यांनी शाळेतल्यासारखं मोठ्यानं वाचलं, "सदर ऑर्डर 'नानासो, स्टोअर' यांनी उघडलेली आहे. त्यांचे काम पूर्ण होईपर्यंत बदल करता येणार नाही."

मी हसले. हे तर रोजचंच. एका कागदावर दोघांनी एकाच वेळी लिहू नये म्हणून सिस्टिम पहिल्याला लिहू देते आणि दुसऱ्याला थांबवते. "मग नानासोंना सांगा ना, बंद करा म्हणून."

"तीच तर गंमत हाय मॅडम. नानासो हितं माझ्या शेजारी बसून केळं खात्यात."

माझा पाय झोक्यावरच थांबला.

नानासो म्हणजे त्या कारखान्याचे जुने स्टोअरकीपर. त्यांनी फोन घेतला. "ताई, देवीची शपथ, सकाळधरनं त्या कॉम्प्युटरला बोट लावलेलं न्हाई. स्टोअरला कुलूप हाय आन किल्ली माझ्या करदोट्याला."

"कॉम्प्युटर बंद केला होता ना?"

"रोज करतोय. वायरसुद्धा काढून ठिवतोय."

मी माझ्या बाजूला कोण कोण काम करतंय ती यादी उघडली. नाव नानासो. जागा स्टोअर. काम चालू. कुलूपबंद खोलीत, नानासोंच्या नावानं, या क्षणी कुणीतरी काम करत होतं.

"तुमचा पासवर्ड कुणाला माहीत आहे?"

नानासो नुसते खाकरले. मग अश्फाकभाईंचा आवाज आला, "मॅडम, पासवर्ड भिंतीवर लिवलाय. खडूनं."

"भिंतीवर का?"

"कागद हरवतोय. भिंत हरवत न्हाई."

"मग कुणी आत राहिलंय का बघा."

"बाहेरनं कुलूप घालून आत बसायला त्यो काय भूत हाय व्हय?" नानासो म्हणाले.

"तुमचाच आत्मा असंल नानासो," अश्फाकभाई म्हणाले. "शरीर उपास करतंय, आत्मा ड्युटी करतोय."

"गप रं. ताईंना काम करू दे."

आता खरं तर एक बटण दाबलं की मला त्या आतल्याला बाहेर काढता आलं असतं. पण तसं केलं की त्यानं अर्धवट भरलेलं सगळं जातं. म्हणून आधी मी ती दिल्लीची ऑर्डर उघडून बघितली. प्रत्येक पेटीवर तिच्या मालाचा लॉट नंबर असतो. गाडी भरताना तो सिस्टिममध्ये चढवतात, त्याशिवाय गेटपास निघत नाही. इथे एकही नंबर नव्हता.

"लॉट नंबर कुणी भरलेत?"

"मीच. काल सांजच्याला, गाडी भरतानाच," नानासो म्हणाले. "एक पेटी सोडली न्हाई."

म्हणजे आतल्यानं ते पुसले होते? भीती वाटली, आणि खोटं कशाला सांगू, मजाही वाटली. किती दिवसांनी डोकं असं तडतड चालत होतं. गेले आठ महिने दुपटी, लंगोट आणि तापाचं औषध यापलीकडचा गुंता समोर आला नव्हता. "नानासो, दहा मिनिटं द्या," म्हणून मी फोन ठेवला.

तोवर मॅडमचा आला. गाडीच्या मालकानं त्यांना गाठलं होतं. "त्या युजरला बाहेर फेक आणि मोकळी हो."

"मॅडम, आत कोण आहे ते कळल्याशिवाय फेकलं आणि नंबर गेले, तर सगळी गाडी उतरवून पेटी पेटी वाचावी लागेल. हमाल सणाला घरी गेलेत."

"मग शोध. तासाभरात सुटलं नाही तर साईराजला पाठवते. बाईक काढून बसलाय तो."

आणि नेमकी त्याच वेळी प्रांजल उठली. तिचं भुकेचं रडणं वेगळं असतं. आधी खालचा ओठ बाहेर येतो, मग सगळं घर. तिला कडेवर घेतलं, सफरचंद वाफवायचं म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि विळी पुढे ओढली.

"हां." आत्यांनी माझं मनगटच धरलं. "तिला हात लावू नगं."

"आत्या, पोर रडतंय."

"चमच्यानं खरवडून दे. आज पूजलीया ती. पूजलेल्या हत्याराला उद्यापर्यंत बोट लावायचं नसतं, किती येळा सांगू?"

विळीच्या पात्यावर कुंकवाचं बोट उठलं होतं. तिला पाटावर उघडीच मांडली होती, पातं वर करून. मिटून ठेवलेल्या विळीची पूजा कोण करतं?

मी सफरचंद, चमचा आणि प्रांजल तिन्ही आत्यांच्या मांडीवर ठेवली आणि पळत येऊन फोन लावला.

"नानासो, आज स्टोअरच्या कॉम्प्युटरची पूजा केलीत?"

"केली की, पहाटंच. वजनकाट्याची केली, प्रतवारीच्या मशीनची केली. अश्फाकचा तेवढा सोडला, गाडी जायची म्हणून."

"पूजेच्या वेळी कॉम्प्युटर चालू होता?"

"मग? माझ्या वडलांच्या येळंपासनं वही उघडी ठिवूनच पूजा हाय. वर्षातली सगळ्यात मोठी ऑर्डर कालच भरून उघडी ठिवली, हळदकुंकू वाह्यलं, माळ घातली आन कुलूप लावलं. वायर काढली न्हाई. देवीफुडचा दिवा इझवत्यात व्हय?"

"तुम्ही तर म्हणालात, रोज बंद करतो."

"रोज करतोय की. आज काय रोज हाय?"

मला इतकं हसू आलं की फोन लांब धरावा लागला. खोलीत कुणीच नव्हतं. माणूस बराच वेळ काही करत नसेल तर त्याला आपोआप बाहेर काढायची सोय आमच्या सिस्टिममध्ये आहे, पण चहाला उठलं तरी बाहेर टाकतंय म्हणून या कारखान्यानंच भांडून ती बंद करून घेतली होती.

"आणि लॉट नंबर सेव्ह केले का?"

"सेव्ह उद्या. दसऱ्याच्या मुहूर्तावर. समदं पडद्यावर दिसतंय की, कुठं पळून जातंय?"

पडद्यावर दिसतं ते फक्त त्याच पडद्याचं असतं. सेव्ह होईपर्यंत ते अश्फाकभाईंना दिसत नाही आणि मलाही नाही. म्हणजे कुणी काही पुसलं नव्हतं. दिल्लीची अख्खी गाडी एका माळ घातलेल्या कॉम्प्युटरच्या पोटात सुखरूप बसली होती.

"मग आता आत जाऊन सेव्ह दाबा, झालं."

"ते न्हाई जमायचं ताई. पूजलाय त्यो."

"अश्फाकभाई दाबतील?"

"मी दाबलं असतं मॅडम," अश्फाकभाई हळू आवाजात म्हणाले. "पण ह्यांच्या मनाला लागंल. रमजानात माझ्याम्होरं पाणीसुद्धा पीत न्हाईत नानासो. मी न्हाई दाबणार."

बाहेर काढावं तर नंबर जातात. दाबायचं तर बोट लावता येत नाही. साईराज बाईक घेऊन गेला असता तरी त्यानं वेगळं काय केलं असतं? त्याचंही बोटच. बोटाशिवाय दाबायचं कसं?

आणि मग सुचलं. आम्ही दुसऱ्याचा पडदा इथून रिमोटवर घेतो, ते तर नेहमीचंच. फक्त पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक आकडा असतो, तो तिथल्या माणसानं वाचून दाखवावा लागतो.

"नानासो, नुसतं बघितलं तर चालतं?"

"दर्शनाला कोण न्हाई म्हणतंय?"

"मग कुलूप काढा. खालच्या कोपऱ्यातला आकडा वाचून सांगा. कशालाही हात लावू नका. बाकी मी इथून करते, माझ्या लॅपटॉपवरून."

कुलपाचा आवाज आला. मग नानासो एकदम गंभीर झाले. "ताई, एक इचारतो, राग मानू नका. तुमच्या ल्यापटॉपची पूजा झालीया का?"

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. "नाही. सासूबाईंनी सकाळी मागितला होता. मी दिला नाही."

"मग चालतंय," नानासो म्हणाले, आणि त्यांचा जीव भांड्यात पडलेला मला कोरेगावात ऐकू आला.

त्यांनी आकडा वाचला. शेवटचा अंक मात्र झेंडूच्या माळेखाली गेला होता.

"फुंकर मारू?" नानासोंनी विचारलं.

"मारा की," अश्फाकभाई म्हणाले. "फुंकर म्हंजी हात न्हवं."

त्या दोघांनी मिळून फुंकर मारली. माळ हलली असावी, कारण अंक मिळाला. आणि माझ्यासमोर ती ऑर्डर उलगडली. सगळ्या पेट्या, सगळे लॉट नंबर, ओळीनं. सुंदर दिसत होतं ते. तेवढ्यात सफरचंदानं माखलेली प्रांजल आत्यांच्या हातून निसटून रांगत आली आणि माझ्या मांडीवर चढली. तिला उतरवायला वेळ नव्हता. तिच्या दोन्ही मुठी मी डाव्या हातात धरल्या आणि उजव्या हातानं बाण सरकवायला लागले.

"ताई, बाण हलाय लागला," नानासो कुजबुजले. देवळात बोलतात तसं. "अश्फाक, बघ रं. कुणी बी न्हाई आन बाण चाललाय."

सेव्हच्या शेजारीच 'रद्द करा' असतं. हे ज्यानं ठरवलं त्याला लहान मूल नसावं. बाण सेव्हवर नेला आणि प्रांजलची टाच कीबोर्डवर पडली. पडदा खाली घसरला. तिकडे नानासोंच्या तोंडून "अगं आई" निघालं. मी तिची टाच उचलली, हनुवटीखाली तिचं डोकं दाबून धरलं, पडदा वर आणला आणि दाबलं.

हिरवी पट्टी आली.

लगेच ती ऑर्डर बंद केली, नाहीतर अश्फाकभाई तसेच अडकून राहिले असते. पण तिकडे नानासोंचा आवाज पडला. "पान मिटलं ताई."

"थांबा नानासो." मी तीच ऑर्डर पुन्हा उघडली, या वेळी फक्त बघण्यापुरती. तशी उघडली की कुणाचं काही अडत नाही. "आता राहू दे उद्यापर्यंत. लावा कुलूप."

"हाय तस्सं दिसाय लागलं," ते म्हणाले. कुलूप लावता लावता पुढे म्हणाले, "देव तुमचं भलं करो."

अश्फाकभाई धावत आपल्या टेबलाकडे गेले. "मॅडम, हिकडंबी हिरवी पट्टी आलीया. वाचू का ओके दाबू?"

"दाबा."

प्रिंटर घरघरला. मग गाडी सुरू झाल्याचा आवाज, आणि एक लांबलचक हॉर्न. त्या हॉर्नला प्रांजल खदखदून हसली आणि तिच्याबरोबर मीही.

मॅडमचा फोन आला. "फेकलंस त्याला बाहेर?"

"नाही मॅडम. तो आतच आहे. उद्यापर्यंत राहील."

मी सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माळेखालचा अंक फुंकून काढला?"

"हो."

"साईराजला म्हणते, बाईक ठेव आणि घरी जा. दसरा झाला की फोन तुझ्याकडे वळवते. कायमचे. आणि आता बाकीचे कारखाने बंद आहेत. आलाच एखादा फोन तर मी घेते."

फोन ठेवला तर आत्या ताट घेऊन दारात उभ्या. सकाळचं फूल जरा मलूल झालं होतं.

"झाली ड्युटी?"

"झाली, आत्या. आणि माझ्याकडेच राहिली."

त्यांना काय कळायचं ते कळलं. "मग आता तरी दे. बंद करून देतीस का उघडा?"

"उघडाच घ्या," मी म्हणाले. आधी सगळ्या खिडक्या तपासल्या. जे सेव्ह करायचं ते केलं, जे बंद करायचं ते केलं, आणि मगच लॅपटॉप विळीच्या शेजारी पाटावर ठेवला. आत्यांनी हळदीकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, हात जोडले. मी डोळे मिटले तेवढ्यात प्रांजलनं कुंकवात अख्खा पंजा बुडवला आणि कीबोर्डच्या बरोबर मध्यभागी थाप मारली.

"अगं, बोट लावायचं नसतं," मी तिला ओढायला गेले.

"असू दे," आत्या म्हणाल्या. "तिला चालतंय."