धुळाप्पाच्या पुस्तकाचं प्रकाशन

कल्याणप्पा सरांनी माझ्या कवितांना भली लांब प्रस्तावना लिहिली आणि तिच्यात धुळाप्पाला पार नाहीसा करून टाकला.

धुळाप्पा म्हणजे माझा माणूस. उमरग्यात हायवेला त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, जुनी तार काढायची, नवी भरायची, वरून वार्निश मारायचं. मी शाळेत चित्रकलेचा मास्तर. एका उन्हाळ्यात माझ्या कूलरची मोटार इतक्यांदा जळाली, की शेवटी तोच म्हणाला, "मास्तर, मोटार कशाला जाळताव? तसंच येत जावा की." मग तसाच जात राहिलो. पुढं दुकानावरच्या खोलीत आम्ही एकत्र राहायला लागलो. गावानं आम्हाला 'जिगरी दोस्त' ठरवलं आणि हात झटकले. घरचे पोरगी बघायला निघाले, की धुळाप्पा कुणाच्या तरी विहिरीत मोटार बघायला उतरायचा.

मग त्याला एड्स झाला. औषधं तेव्हा नुकती कुठं मोठ्या शहरांत यायला लागली होती. ती आमच्यापर्यंत पोचायच्या आत तो गेला. माकणीला, त्याच्या गावी, काविळीनं गेला असं सांगितलं गेलं. मी राहिलो. का राहिलो ते डॉक्टरलाही सांगता आलं नाही.

नंतरची वीसेक वर्षं मी त्याच्यावर कविता लिहिल्या. नोकरी होती तोवर त्या पेटीत ठेवल्या. निवृत्त झाल्यावर म्हटलं, आता कुणाच्या बापाला भ्यायचं? आणि 'तांब्याची तार' हा संग्रह घेऊन आमच्या सीमाभाग साहित्य मंडळाकडे गेलो. उमरग्यात पुस्तक काढायचं तर मंडळाशिवाय गत्यंतर नाही आणि मंडळात कल्याणप्पा सरांशिवाय पान हलत नाही.

सरांनी कविता वाचल्या. त्यांना सगळं कळलं, याबद्दल मला शंका नाही. कळल्याशिवाय माणूस एवढी मेहनत घेत नाही. प्रस्तावनेत त्यांनी लिहिलं, की जळालेली मोटार म्हणजे संसारतापानं पोळलेला जीव, तांब्याची तार म्हणजे सुषुम्ना नाडी आणि ती भरणारा कारागीर म्हणजे साक्षात सद्गुरू. वार्निशचा वास म्हणजे धूप. एका कवितेत मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन रात्रभर बसलो आहे. ती समाधी अवस्था. 'एड्स' हा शब्द काढून त्यांनी 'भवरोग' घातला. "एड्स छंदात बसत नाही, मास्तर," म्हणाले. माझ्या कविता मुक्तछंदात आहेत.

अर्पणपत्रिकेत मी 'धुळाप्पास' एवढंच लिहिलं होतं. छापून आलं, 'परमतत्त्वास'.

मी भांडलो. सर शांतपणे म्हणाले, "नाव घेतलं की कविता लहान होते. तुम्हाला घ्यायचंच आसंल तर प्रकाशनाच्या दिवशी मनोगतात घ्या. तिथं तोंड तुमचं, माईक तुमचा." मी कबूल झालो. मला दुसरं काही नकोच होतं. चारचौघांत, माईकवरून, एकदा त्याचं नाव घ्यायचं होतं आणि तो माझा कोण होता ते सांगायचं होतं.

प्रकाशन मंगल कार्यालयात झालं. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, पाहुण्यांचे सत्कार झाले, सत्कार करणाऱ्यांचे सत्कार झाले. सूत्रसंचालक योगीराजनं प्रत्येक नारळामागं एक शेर ऐकवला. आरोग्य खात्यातले एक साहेब आले होते. त्यांना कुणीतरी विषय सांगून ठेवला होता. ते म्हणाले, पुस्तक चांगलं आहे, पण यातून रोगाची लक्षणं नीट समजत नाहीत, पुढच्या आवृत्तीत एक तक्ता टाकावा. टाळ्या पडल्या. मग कल्याणप्पा सर उठले आणि सुषुम्ना नाडीत शिरले ते बाहेर येईचनात.

पहिल्या रांगेत धुळाप्पाची आई बसली होती, सिताबाई. ऐंशीच्या पुढची बाई एसटीनं एकटी आली होती. मी तिच्या नातवाच्या फोनवर निरोप दिला होता, ती येईल असं काही वाटलं नव्हतं. मांडीवर कापडी पिशवी धरून ती सद्गुरूंचं वर्णन ऐकत होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

सर बसले तेव्हा आचारी दारात येऊन उभा राहिला होता. योगीराजनं माईक घेतला. "वेळेअभावी कवींचं मनोगत आपण घेऊ शकत नाही. तसंही त्यांच्या भावना सरांनी आपल्यापर्यंत पोचवल्याच आहेत. आता आभार."

मी उभा राहिलो. संताप डोक्यात गेला होता. इतकी वर्षं गप्प बसायची सवय लागली की ऐन वेळी तीच आडवी येते. मी परत खुर्चीत बसलो.

तेवढ्यात सिताबाई पायऱ्या चढून व्यासपीठावर आली. तिनं पिशवीतून पांढरी टोपी आणि टॉवेल काढला. योगीराजला हुरूप आला. "माकणीहून आलेल्या आजी आता कवींचा सत्कार करतील! फोटोवाले, पुढं या."

"सत्कार न्हाय बाबा," सिताबाई म्हणाली. माईक तिच्या तोंडासमोरच होता. "दुखवटा हाय."

आमच्याकडं माणूस गेलं की सोयरे टॉवेल-टोपी घेऊन येतात. दुःखात बसलेल्याच्या डोक्यावर टोपी ठेवतात, 'उठा आता' म्हणतात, मग तो कामाला लागतो. बायको गेली तर तिच्या माहेरचे जावयाला आणतात. दोस्ताला कुणी आणत नाही.

"माजा धुळाप्पा गेला तवा समद्यांचा दुखवटा झाला," ती म्हणाली. "भावांचा झाला, चुलत्याचा झाला. ह्येंचाच राहिला. लेकाचं हागणं-मुतणं ह्येंनी काढलं, आमी उंबऱ्याच्या आत आलो न्हाय. लोकास्नी भेलो."

कल्याणप्पा सर पुढं झुकले. "आजी, धुळाप्पा इथं प्रतीक आहे. म्हणजे आत्मा—"

"ते तुमचं काय आसंल ते आसंल," सिताबाई म्हणाली. "माजा लेक व्हता. मोटारी भरायचा. आन् ह्येंच्यासंगं नांदायचा."

ती माझ्याकडे वळली. आजवर ती मला 'अरे मास्तर' म्हणत आली होती, आज अहोजाहो करत होती. "दुखवटा सोयऱ्यानं आणायचा आसतो. म्हणून म्या आले. लई वर्सं बसलाव. उठा आता." तिनं टोपी माझ्या डोक्यावर ठेवली आणि टॉवेल खांद्यावर टाकला.

रीतीप्रमाणं मी उठायला हवं होतं. पण त्याआधी चार लोकांत बसून रडायचं असतं आणि माझं तेच राहिलं होतं. मी खुर्चीत बसूनच रडायला लागलो, मोठ्यानं, मास्तरला न शोभेल असा. सिताबाईनं कल्याणप्पा सरांना हातानंच उठायची खूण केली. सर उठले. ती त्यांच्या खुर्चीत माझ्या शेजारी बसली आणि धुळाप्पाचं नाव घेऊन तिनंही गळा काढला. योगीराज माईकजवळच उभा होता, पण तो बंद करायचं त्याला सुचलं नाही.