उलटा चिंचोका

मित्रांनो, माझ्यावर लगेच विश्वास ठेवू नका. मीही कधी कुणावर ठेवला नाही. मी एक जुना संगणक आहे आणि संशय घेणं हेच माझं पोटापाण्याचं काम होतं. आता बेळगावजवळच्या पिरनवाडीच्या एका गोदामात मोडक्या खुर्च्यांशेजारी पडून आहे. अंगावर साडीच्या कापडाची खोळ आहे. तिच्याकडे उंदीर हल्ली फार आशेनं बघतात, म्हणून ती आहे तोवर तिची गोष्ट सांगून टाकतो.

माझा जन्म बेंगळूरच्या एका कारखान्यात झाला. सत्त्याऐंशी साली मला लाकडी खोक्यात भाताच्या पेंढ्यात बसवून बेळगावला धाडलं. तिथल्या शहापूर पेठेच्या गल्लीत लॉरी शिरेना, तेव्हा विणकर केंद्रापर्यंत हातगाडीवर बसून माझी वरात निघाली. दोन्ही बाजूंचे माग थांबले. "ह्यो डबा साड्या विणनार व्हय?" असं कुणीतरी विचारलं आणि गल्ली हसली. मला राग आला होता. मी विणणार नव्हतोच, साडीची नक्षी काढायला मदत करणार होतो.

माझ्या आत एक कारभारी असतो, त्याला कर्नेल म्हणतात. खरं तर मी म्हणजे तोच, बाकी सगळा पत्रा. माझ्याकडे येणारा प्रत्येक प्रोग्राम मेमरीत जागा मागतो. मी जागा देतो, पण खरी जागा कुठली ते कधीच सांगत नाही. त्याला एक मानलेला पत्ता देतो आणि खरा माझ्याजवळ ठेवतो. एखादा तुकडा हलवायचा झाला, तर आतला माल मी जागचा उचलतही नाही, नुसता पत्ता बदलतो. गाव जागच्या जागी राहून पत्ता कसा बदलतो, हे आमच्या सीमाभागातल्या माणसांना वेगळं सांगायला नको. मात्र पत्ता बदलण्याआधी मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो, "तिथं आधी कुणी राहत नाही ना?" मग तो प्रोग्राम केंद्रप्रमुखांचा असो की झाडूवाल्याच्या हजेरीचा.

मला सांभाळणारा होता देवाप्पा. निपाणीचा. त्याच्या आईची उमर तंबाखूच्या वखारीत गेली, आणि त्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला हा पहिलाच. रोज येऊन तो आधी माझ्यावरची धूळ मऊ फडक्यानं पुसायचा आणि मगच चहा प्यायचा. मी त्याच्यावरही विश्वास ठेवत नव्हतो, पण तो आला की बरं वाटायचं.

साडीचे तीन भाग: काठ, अंग आणि पदर. माझ्या मेमरीतही त्यांचे तीन वेगळे तुकडे असत. विणकर म्हणायचे, पदर मोठा करा. पदर वाढला की जागा अपुरी पडे आणि तिन्ही तुकडे दुसरीकडे न्यावे लागत. एकेकासाठी वेगळा असा तीनदा माझ्याकडे अर्ज करायचा, यात वेळ जाई. देवाप्पानं शक्कल लढवली. एकाच अर्जात सगळे तुकडे एकदम हलवायची सोय त्यानं माझ्या कर्नेलमध्येच लिहून टाकली. काम झरझर होऊ लागलं. केंद्रप्रमुख मारुतीराव पाहुण्यांना खोली दाखवताना म्हणायचे, "आमचा देवाप्पा म्हणजे हिरा हाय, हिरा!"

पण त्या लिखाणात एक खोट राहिली होती. देवाप्पाच्या गल्लीत घर हलवायची एक रीत होती. सगळ्यांत आधी चूल हलवायची. नव्या जागी चूल पेटली की घर हललं असं गल्लीभर सांगायचं, मग गाठोडी येतात मागनं सावकाश. देवाप्पानंही तसंच केलं. पदराचा मोठा तुकडा आधी ठेवला आणि तो हलला की प्रोग्रामला कळवायचं, "सगळं हललं." बाकीच्या तुकड्यांना मी काय उत्तर देतो, हे विचारायचं तो विसरला. मी 'नाही' म्हटलं तरी माझ्या नकाराला बाहेर पडायला वाटच नव्हती.

आणि एके दिवशी जयाबाई केंद्रात आली. शहापुरात तिचे स्वतःचे माग होते आणि तिच्या जिभेला अख्खी गल्ली वचकून असे. आमच्याकडून छापून नेलेल्या नक्षीवर तिच्या कामगारांनी विणलेलं, मागावरून कापून आणलेलं कापड तिनं मारुतीरावांच्या टेबलावर आपटलं.

"ह्यो माझा काठ न्हाय! हे कुणाचं घातलंसा?"

पदर तिचा होता, अंग तिचं होतं. पण काठावर चिंचोक्यांची ओळ होती आणि मधेच एक चिंचोका उलटा. ती खूण ओळखायला कुणाला विचारायची गरज नव्हती. तो भावकूच्या घरचा काठ. भावकू मूळचा सांबरा गावचा, शेती भावावर सोपवून शहापुरात माग टाकलेला. त्याच्या आज्जीनं आपली ओळख म्हणून तो चिंचोका उलटा फिरवला होता, आणि त्या घराबाहेर तो काठ कुणी विणलेला नव्हता.

भावकू आला तो लाल होऊनच. "माझ्या घरचा काठ तुमच्या डब्यात ठिवला, आन तुमी बाजारात मांडला?"

मग सगळ्यांच्या नजरा हळूहळू देवाप्पाकडे वळल्या. पाणी उताराकडं धावतं, तसा माणसांचा संशयही, हे मी तेव्हा पाहिलं. माझ्या खोलीच्या किल्ल्या तिघांकडे होत्या: मारुतीरावांकडे, शिपाई शामूकडे आणि देवाप्पाकडे. पण हिऱ्याची गारगोटी व्हायला वेळ लागला नाही. मारुतीरावांनी हात पुढे केला.

"देवाप्पा, तुझी किल्ली दे. आता तू एकटा हितं येऊ नगंस."

शामूला कुणी काही विचारलं नाही. मारुतीरावांनी स्वतःलाही विचारलं नाही. देवाप्पानं किल्ली दिली. मला सगळं ठाऊक होतं, मित्रांनो! चोर कुणीच नाही, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं, आणि मला तोंड नव्हतं. त्या दिवशी माझ्यावरची धूळ कुणी पुसली नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. जयाबाईनं गल्लीभर देवाप्पाला चोर म्हणून नावं ठेवली. विणकरांनी आपापल्या नक्ष्या परत मागितल्या. शहापुरातून संगणक हाकला, असं बोललं जाऊ लागलं. माझं काय व्हायचं ते होवो, पण चोर म्हणून निघालेल्या देवाप्पाला बेळगावात दुसरीकडे कुणी उभं केलं नसतं. त्यानं मारुतीरावांच्या हातापाया पडून ते कापड एकदा बघायला मागितलं. खिडकीशी उभा राहून कितीतरी वेळ बघत राहिला. मग आपलं लिखाण काढलं आणि कपाळाला हात लावला.

भावकूला आणि जयाबाईला बोलावणं गेलं.

"अण्णा, त्या बाजारच्या दिवशी तुमी दोघंबी आलतासा. दोघांच्या नक्ष्या एकदमच उघड्या हुत्या," देवाप्पा म्हणाला. "आक्काचा पदर वाढला, तिचे तुकडे हलवले. काठाला जी जागा सांगितली, तिथं तुमचा काठ बसलेला. मशीन न्हाय म्हनालं, पण माझ्या लिखाणानं समदं हललं म्हनून सांगितलं. मग काठ म्हनून तिथं जे गावलं ते छापलं, ते तुमचं."

भावकूनं मान हलवली. "शिकलेल्या मानसाला गोष्ट रचायला काय लागतंय?"

"मग मला भाईर बशिवा. मी हात लावत न्हाय. तुमीच बटनं दाबा."

देवाप्पा व्हरांड्यात जाऊन बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. जयाबाई राखणीला त्याच्या शेजारी बसली. आत भावकू एका बोटानं बटणं दाबू लागला आणि मारुतीराव शेजारून सांगू लागले. त्या दिवशीचाच क्रम, त्याच नक्ष्या, तेवढाच पदर. जन्मभर चुका पकडणारा मी, पण पहिल्यांदाच मनापासून वाटलं, तीच चूक पुन्हा होऊ दे. पदर हलला. अंग हललं. काठाची पाळी आली आणि मी नेहमीसारखा म्हणालो, "नाही, तिथं भावकूचा काठ आहे." नेहमीसारखं कुणी ऐकलं नाही.

शेजारचं छापयंत्र करकरलं. कागद बाहेर आला. जयाबाईचा पदर, जयाबाईचं अंग, आणि काठावर मधेच एक उलटा चिंचोका.

भावकू कागद घेऊन व्हरांड्यात गेला. "मग चोर कोन रं?" त्यानं विचारलं, पण आवाज उतरला होता.

"चूक माझीच हाय, अण्णा," देवाप्पा म्हणाला. "पर चोरी न्हाय."

जयाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "लई वंगाळ बोलले मी तुला, पोरा."

देवाप्पानं लिखाण बदललं. आता आधी सगळ्या तुकड्यांसाठी जागा बघायची, आणि एकाला जरी मी नाही म्हटलं, तर कुणीच जागचं उठायचं नाही. उठले तर सगळे, नाहीतर कोणीच नाही. मग तोच खेळ पुन्हा करून पाहिला. या वेळी पडद्यावर माझा नकार आला, सगळ्यांना दिसेल असा. मला फार समाधान वाटलं.

मारुतीरावांनी खिशातून किल्ली काढून पुढे केली. "झालं गेलं इसरून जा."

देवाप्पानं ती घेतली नाही. "सायेब, संशय आला तवा तिघांच्याबी किल्ल्या काढून घ्यायच्या व्हत्या. न्हायतर कुनाचीच न्हाय. माझी एकट्याचीच का घेतलासा?"

मारुतीरावांनी आपलीही किल्ली काढली, शामूची मागवली, आणि तिन्ही किल्ल्या दाराशेजारच्या खिळ्याला अडकवल्या. पुढं जो कुणी आत येई तो व्हरांड्यात आपलं नाव सांगून किल्ली घेई. मारुतीरावसुद्धा.

ते फसलेलं कापड कुणाच्याच कामाचं नव्हतं. भावकू म्हणाला, फेकू नगा. जयाबाईनं त्याची माझ्यासाठी खोळ शिवली. पुढे नवे संगणक आले, देवाप्पा मोठ्या नोकरीवर गेला, केंद्र इकडे हललं. मला कुणी पुसेनासं झालं, विचारणं या अर्थानं नव्हे, सरळ फडक्यानं म्हणतोय.

मित्रांनो, संशय घेऊ नका असं मी कसं सांगू? मी त्यावरच जगलो. पण संशय घ्याल तेव्हा सगळ्यांना एकच प्रश्न विचारा, आणि स्वतःलाही विचारा. आणि कधी पिरनवाडीकडे आलात, तर येताना एक मऊ फडकं आणा. खोळ हळू काढा. काठ जीर्ण झालाय, पण तो चिंचोका अजून आहे.