उमाठेबाबूंच्या भिंतीतलं पहिलं भोक

"बाबूजी! मोर मुड़ी फूट जातिस त?"

खाली इस्त्रीवाला भैय्यालाल डोकं धरून ओरडत होता आणि वर, पहिल्या मजल्याच्या खिडकीत, हरिदास उमाठे नायलॉनच्या दोरीचं तुटकं टोक हातात घेऊन उभे होते. दोरीच्या दुसऱ्या टोकाला आत्ताआत्तापर्यंत सदाफुलीची पेटी होती. आता ती भैय्यालालच्या ठेल्यावरच्या ताडपत्रीत विसावली होती आणि ताडपत्री फाटली होती तिथून ओली माती एका पांढऱ्याशुभ्र शर्टावर सावकाश गळत होती.

"लगा तो नहीं ना, भैय्यालाल?"

"मोला नइ लागिस. फेर ये मंत्रालय वाले साहब के कमीज आय!"

रायपूर राजधानी झाल्यापासून चौबे कॉलनीत चिखलसुद्धा जपून उडवावा लागत असे. कोण कुठल्या साहेबाचा निघेल, सांगता येत नव्हतं.

"तरी मी सांगून राहिली होती, बोल्ट ठोका म्हणून," मागून विजयाबाई म्हणाल्या. "दोरीनं झाडं बांधतेत का? बकरी आहे का ते?"

"विजया, भिंतीले भोक पाडणं सोपं असते. बुजवणं सोपं नसते."

"पण बुजवायचं आहे कोणाले? घर आपलं आहे न आता!"

हे 'आपलं' हरिदासच्या गळी उतरत नव्हतं, हीच तर सगळी अडचण होती. त्यांची उभी नोकरी रेल्वेच्या बांधकाम विभागात गेली. कुणी क्वार्टर सोडून जायला निघालं, की हरिदास टॉर्च घेऊन हजर व्हायचे आणि दंड लावायला भिंतीतली खिळ्यांची भोकं शोधायचे. लोकही काही कमी नव्हते. भोकात कुणी साबण भरे, कुणी कणीक, बहुतेक जण टूथपेस्ट. हरिदास भिंतीला नाक लावत, डोळे मिटत आणि गंभीरपणे म्हणत, "इथे पेपरमिंट आहे." मग त्या घरच्या बाईनं नवऱ्याकडे असं काही बघावं, की नको ती बदली! रेल्वे कॉलनीतली पोट्टी त्यांना पाठीमागे छेदीलाल म्हणत. पुढे पोट्ट्यांचे बापही म्हणू लागले.

मात्र माणूस दुटप्पी नव्हता. स्वतःच्या क्वार्टरमध्ये त्यांनी कधी एक खिळा मारू दिला नाही. कॅलेंडर खिडकीच्या कडीला लटके. वडिलांचा फोटो कपाटावर रेलून बसे. सासऱ्यांनी लग्नात दिलेलं भिंतीवरचं घड्याळ टेबलावर उताणं पडून टिकटिक करी आणि किती वाजले ते बघायला विहिरीत डोकावल्यासारखं वाकावं लागे. विजयाबाईंनी हे सगळं सोसलं, कारण क्वार्टरला निदान अंगण असायचं आणि अंगणात माती.

निवृत्तीनंतर घेतलेल्या या घरात तेही नव्हतं. खालचा मजला आणि अंगण अंजनाबाईंचं. उमाठ्यांच्या वाट्याला पहिला मजला. "जमीन नाही तर नाही, भिंत तर आहे," असं म्हणून विजयाबाईंनी खिडकीबाहेर लावायला पत्र्याच्या पेट्या करून आणल्या. हरिदासनी आधी त्या छज्ज्यावर विटांच्या टेकूनं ठेवल्या, मग तारेनं बांधल्या, मग दोरीनं. पेट्यांनी प्रत्येक वेळी खालचा रस्ता धरला.

"आता आयका," विजयाबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, म्हणून हरिदास घाबरले. "उद्यापर्यंत पेट्या भिंतीले लागल्या तर ठीक. नाहीतर सगळी झाडं मी अंजनाबाईच्या अंगणात देऊन टाकीन. आन् मंग या घरात माह्या नावचं एक पान राहणार नाही."

हरिदास जिना उतरले आणि थेट अंजनाबाईंसमोर जाऊन उभे राहिले.

"वरच्या भिंतीले भोकं पाडावी म्हणतो. तुमची परवानगी असली तर..."

अंजनाबाई तांदूळ निवडत होत्या. "भिंत कोणाची?"

"आमचीच."

"मंग मले काहून विचारून राहिले? माह्या डोक्यात पाडता का?"

हरिदास हिरमुसले. इतक्या सहज मिळालेली परवानगी त्यांना परवानगीच वाटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गोल बाजारातून ड्रिल भाड्यानं आणलं. सोबत लोखंडी ब्रॅकेट आणि जाडजूड बोल्ट. अंजनाबाईंच्या अंगणात शिडी लागली. भैय्यालालनं ठेला आधी पार कोपऱ्यावर नेऊन ठेवला आणि मगच शिडी धरली. हरिदास वर चढले आणि बोटांनी भिंत ठोकू लागले. प्लॅस्टर कुठे पोकळ आहे, पक्की वीट कुठे आहे, हे त्यांना आवाजावरून कळत होतं. त्यांनी पेन्सिलीनं खुणा केल्या, ब्रॅकेट धरून बघितले, पेटीमागे ओल मुरू नये म्हणून बोटभर जागा सोडली. सगळं झालं. ड्रिलचं टोक खुणेवर टेकलं आणि हात तिथेच थिजला.

"का होइस, बाबूजी?"

"कुछ नहीं."

"त चलावव न गा! मोर हाथ पिरावत हे!" शिडी धरून हात दुखू लागलेला भैय्यालाल खालून ओरडला.

ज्यांच्या भिंती हरिदासनी हुंगल्या होत्या, ती सगळी बिऱ्हाडं जणू अंगणात जमून वर बघत होती.

तेवढ्यात खिडकीतून विजयाबाईंचा हात बाहेर आला. बोट कुंकवानं भरलेलं होतं. चाचपडत त्यांनी पेन्सिलीच्या खुणेवर ठसठशीत टिकली लावली.

"घ्या. घरची भिंत आहे, घरच्या बाईनं सांगितलं. पाडा आता."

"विजया, कुंकवाचा डाग जात नाही!"

"पाडा म्हणते न!"

ड्रिल घरघरलं. टिकली गेली, प्लॅस्टर गेलं, लाल विटेचा भुगा भैय्यालालच्या केसांत भुरभुरत राहिला. हरिदासनी थांबून मान वळवली आणि कुणी बघतंय का ते पाहिलं. अंजनाबाई तांदूळच निवडत होत्या. मग हरिदासनी हळूच त्या भोकाला बोट लावलं. भोक गरम होतं. त्यांना एकदम हसू आलं, आणि या वयात असं हसू यावं याची थोडी लाजही वाटली.

पुढची भोकं झपाट्यानं झाली. बोल्ट आवळून झाल्यावर हरिदास दोन्ही हातांनी ब्रॅकेटला चक्क लोंबकळले, भैय्यालाल "बाबूजी! बाबूजी!" करत पायांना झोंबला, पण ब्रॅकेट तसूभर हलला नाही.

संध्याकाळी पेट्या भरल्या. सदाफुली बसली, चिनी गुलाब बसला. शेवटच्या पेटीत विजयाबाईंनी एक काडी खोचली आणि माती दाबली.

"हे काय आहे?"

"जुईचा वेल."

हरिदास बघत राहिले. वर्षा-दोन वर्षांनी बदली यायची, म्हणून बाई आजवर फक्त झटपट फुलणारं काहीतरी लावत आल्या होत्या. वेल त्यांनी कधीच लावला नव्हता, आणि हे आपल्या आज लक्षात यावं, याचं हरिदासना फार वाईट वाटलं.

"याले खिडकीवर चढायले बरीच वर्षं लागतीन," ते म्हणाले.

"लागू द्या. आपल्याले कुठं जायाचं आहे?"

हरिदासनी खिडकीच्या वरच्या भिंतीकडे पाहिलं. "चढवायले तार ताणावी लागीन. तारेले खिळे पाहिजेत." ते जरा थांबले. "किती मारू?"

विजयाबाई हात धूत होत्या. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

"लागतीन तेवढे मारा."